वाजणारी झडप आणि घराचा श्वास

घरातील काही आवाजांना आपण आवाज म्हणतच नाही. घड्याळाची टिकटिक, छतावरच्या पंख्याची घरघर, पहाटे कोणीतरी सुरू केलेला पाण्याचा पंप, हे सारे आपल्या कानांनी केव्हाच आपलेसे केलेले असतात. त्यांना एक लय असते आणि लयीला झोप सरावते. परंतु स्वयंपाकघरातील धूर बाहेर टाकणाऱ्या पंख्याच्या झडपा वाऱ्याने वाजू लागल्या, म्हणजे मात्र झोपेचे आणि त्या आवाजाचे कधीच जमत नाही. एकदा टक् होते. मग शांतता. आता ही शांतता टिकेल, असे वाटते न वाटते तोच पुन्हा दोनदा टकटक, आणि पाठोपाठ सगळ्या झडपांची मिळून खडखड. पुढचा आवाज केव्हा येईल, ह्याची वाट पाहण्यातच अर्धी रात्र सरते.

वाचक म्हणतील, एवढ्याशा झडपेवर पाने खर्ची घालण्याजोगे काय आहे? आमचे उत्तर असे, की वस्तू क्षुल्लक असली तरी तिची दोन टोके फार दूर जाऊन पोहोचतात. एक टोक शेजाऱ्याच्या उशीपाशी जाते. कारण झडप असते भिंतीच्या बाहेरच्या अंगाला, आणि पुष्कळदा तिचा उपद्रव घरधन्यापेक्षा समोरच्या खिडकीतील वृद्ध आजोबांनाच अधिक होतो. दुसरे टोक आपल्याच घरातील माणसांच्या श्वासापाशी जाते. खडखड असह्य झाली की आपण हाताला लागेल ते फडके कोंबून झडप गप्प करतो. आवाज थांबतो, पण त्याच क्षणी घराचे एक नाक बंद झालेले असते, हे कोणाच्या ध्यानीही येत नाही. झडपेचे आपटणे थांबवावे आणि तिचे हलणे मात्र मोकळे ठेवावे, एवढीच गोष्ट आम्हांला येथे सांगावयाची आहे.

रोशनदानाची सवय

हैदराबादेतील मराठी कुटुंबांच्या कित्येक पिढ्या सुलतान बाजार, बडी चावडी, गौलीगुडा, काचीगुडा ह्या भागांत नांदल्या. तेथील जुनी घरे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना जाड भिंती, उंच छते आणि छताच्या थोडे खाली असलेली रोशनदाने आठवत असतील. शब्द फारसी आणि अर्थ उजेडाचा. पण रोशनदानाचे खरे काम उजेडाइतकेच हवेचेही होते. तापलेली हवा वर चढते आणि तिला वरच्या वर वाट मिळाली की खालून थंड हवा आत येते, हे ती घरे बांधणाऱ्या मिस्त्र्यांना पुस्तकावाचून ठाऊक होते. १९०८ सालचा मुसीचा महापूर आणि त्यानंतरची प्लेगची साथ ह्या दोन आघातांनंतर १९१२ साली शहर सुधारणा मंडळ स्थापन झाले. दाटीवाटीच्या वस्त्यांत उजेड आणि हवा खेळली पाहिजे, ह्या विचाराला त्या काळात जोर चढला.

त्या रोशनदानांची काचेची झडपही वाऱ्याने थरथरे. मग घरातील कोणीतरी स्टुलावर चढून वर्तमानपत्राची घडी करी आणि ती पाचरीसारखी फटीत ठोकून देई. त्यात काही बिघडत नसे. कारण चौक, ओसरी, दारांच्या फटी अशा हवेच्या दहा वाटा त्या घराला होत्या. घरे बदलली. मलकाजगिरी, कुकटपल्ली, मियापूर अशा भागांतील सदनिकांत आपण राहावयास गेलो. खिडक्यांना घट्ट बसणाऱ्या सरकत्या काचा आल्या. पाचर ठोकण्याची सवय मात्र आपल्याबरोबर नव्या घरात आली, आणि तेथेच घोटाळा झाला.

धूर बाहेर टाकणाऱ्या पंख्याच्या झडपा म्हणजे एकाखाली एक टांगलेल्या हलक्या पट्ट्या. प्रत्येक पट्टी वरच्या कडेला दोन बारीक खिळींवर झुलते. पंखा सुरू झाला की हवेच्या रेट्याने पट्ट्या उचलल्या जातात. पंखा थांबला की स्वतःच्या वजनाने खाली पडतात. बाहेरचा वारा, पाऊस, धूळ आणि पाखरे ह्यांना मज्जाव करणारे हे एकेरी दार आहे. मराठीत धुराड्यालाही चिमणी म्हणतात आणि पाखरालाही. झडप उघडी राहिली की दोघी एकाच ठिकाणी नांदू लागतात. ह्या दाराला ना कडी, ना दोरी. त्याचा सारा कारभार त्याच्या वजनावर चालतो. तेथे पाचर ठोकली, की ते एकेरी दार राहत नाही, भिंत होते.

वाऱ्याचे साधे गणित

हे वजन तरी किती? पंचवीस सेंटिमीटर लांब, पाच सेंटिमीटर रुंद आणि अर्धा मिलिमीटर जाड अशी अॅल्युमिनियमची पट्टी धरली, तर ती सुमारे १७ ग्रॅम भरते. आता वाऱ्याकडे वळू. ताशी १८ किलोमीटर वेगाचा वारा अशा पट्टीवर समोरून आदळला, तर त्याचा जोर जवळजवळ तेवढाच, म्हणजे १७ ग्रॅमच्या आसपास येतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो, असा नियम आहे. म्हणून ताशी ३६ किलोमीटरच्या झोतात तोच जोर ७० ग्रॅमच्या घरात जातो. टांगलेली पट्टी नुसती हलवावयास तर तिच्या वजनाइतकाही जोर लागत नाही. तिने वाऱ्यापुढे मान तुकवली तर नवल कसले!

हे वेग यंत्रावाचूनही ओळखता येतात. फ्रान्सिस बोफर्ट ह्या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याने १८०५ साली वाऱ्याच्या पायऱ्या ठरविल्या. पुढे जमिनीवरच्या खुणाही त्यांना जोडण्यात आल्या. झाडाची पाने आणि बारीक डहाळ्या सतत हलत असतील, तर वारा ताशी १२ ते १९ किलोमीटर समजावा. धूळ आणि सुटे कागद उडू लागले म्हणजे २० ते २८. लहान झाडे डोलू लागली म्हणजे २९ ते ३८. अंगणातील कडुनिंब कितपत हलू लागला की आपली झडप वाजू लागते, हे दोन-चार दिवस पाहून ठेवावे. नुसत्या डहाळ्या हलत असतानाच जी झडप वाजते, ती आधीच सैल झालेली आहे असे खुशाल समजावे.

हैदराबाद समुद्रापासून दूर आहे खरे, पण दख्खनच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर वसलेले आहे. चैत्र-वैशाखात वळवाची वादळे येतात, आणि जून-जुलैत नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचा पश्चिमेकडचा झोत दिवसरात्र वाहतो. इमारती बांधताना वाऱ्याचा किती जोर गृहीत धरावा, हे भारतीय मानक ८७५ ह्याच्या तिसऱ्या भागात दिले आहे. तेथे हैदराबादसाठी मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरला आहे. समुद्रकाठच्या मुंबईसाठीही तोच आकडा आहे. पुण्यासाठी मात्र तो ३९ आहे. अर्थात हा वेग क्वचित येणाऱ्या मोठ्या वावटळीचा आहे, रोजचा नव्हे. शिवाय जमिनीपासून जसजसे वर जावे तसतसा वारा वाढतो. तळमजल्यावर मुकी असलेली झडप नवव्या मजल्यावर बोलकी होते, ती ह्यामुळे.

सिंधमधील आपल्या शहराच्या नामबंधूची येथे आठवण होते. तेथील घरांच्या धाब्यांवर एके काळी वारा पकडणारे शेकडो धुराड्यांसारखे मनोरे होते. नैर्ऋत्येकडे तोंड करून ते वाऱ्याला घरात बोलावीत. त्या हैदराबादेला वारा आत हवा होता. ह्या हैदराबादेतील स्वयंपाकघराला धूर बाहेर हवा आहे आणि वारा बाहेरच राहावयास हवा आहे.

आधी निदान

आपल्याकडे म्हण आहे, आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. झडपेच्या बाबतीत हे पुष्कळदा घडते. म्हणून पट्टीला हात लावण्यापूर्वी आवाजाचे मूळ शोधावे.

वारा सुटलेला असताना प्रथम घरातील खिडक्या-दारे एकेक करून मिटून पाहावीत. पश्चिमेची खिडकी उघडी असेल, तर त्या बाजूने वारा घरात शिरतो, घरातील हवेचा दाब वाढतो, आणि दुसऱ्या अंगाच्या झडपा आतून ढकलल्या जातात. दाब कमी झाला की त्या खाली आपटतात. स्वयंपाकघराचे दार मिटताच खडखड थांबली, तर दोष झडपेपेक्षा घरातून वाहणाऱ्या वाऱ्याचा अधिक आहे. अशा घरी रात्री वाऱ्याकडची एक खिडकी अर्धी मिटून ठेवली तरी पुष्कळ काम होते.

ओट्यावर विजेची चिमणी असेल, तर आवाज दोन ठिकाणांहून येऊ शकतो. बाहेरच्या तोंडाला पट्ट्या असतातच. पण चिमणीच्या यंत्रातून नळी जेथे निघते, तेथेही बहुधा दोन अर्धवर्तुळाकार प्लास्टिकच्या झडपा असतात. नळीवर तळहात ठेवावा. टक् झाल्याबरोबर यंत्राजवळ हादरा जाणवला तर आतल्या झडपा, भिंतीजवळ जाणवला तर बाहेरच्या. कधीकधी दोन्ही निर्दोष असतात आणि चौकटीचा एखादा स्क्रू सैल होऊन सगळी चौकटच भिंतीवर वाजत असते. तो आवळला की प्रकरण मिटते.

सौम्य उपायांपासून सुरुवात

काम दिवसा करावे आणि आधी वीज मुख्य फळीवरूनच बंद करावी. नुसते बटण मिटवून पंख्यात हात घालू नये. वरच्या मजल्यावर असाल तर खिडकीतून बाहेर वाकून काम करण्याचे धाडस मुळीच नको. पंखा आतून सोडवता येत नसेल, तर जाणकार मिस्त्रीला बोलवावे. झडपेमागे कबुतराने घरटे केले आहे काय, हेही आधी पाहावे. घरट्यात पिले असतील तर ती उडून जाईपर्यंत थांबण्याइतका धीर आपल्या घराला असावा.

पहिला उपाय स्वच्छतेचा. फोडणीची वाफ आणि तेल ह्यांचा चिकटा पट्ट्यांवर बसतो, त्यावर धूळ बसते, आणि पट्टी मध्येच अडकू लागते. अडकलेली पट्टी वाऱ्याच्या झटक्याने सुटते तेव्हा ती दाणकन आपटते. कोमट पाण्यात भांड्यांचा साबण घालून पट्ट्या धुवाव्यात. अॅल्युमिनियमला धुण्याचा सोडा लावू नये. त्याने ते काळवंडते आणि झिजते. खिळींना शिवणयंत्राच्या तेलाचा एकच थेंब देऊन जादा तेल पुसून घ्यावे. खाण्याचे तेल तेथे कधीही घालू नये. ते काही दिवसांत डिंकासारखे घट्ट होते.

दुसरा उपाय मऊ बैठकीचा, आणि आमच्या मते खरा उपाय हाच. आवाज होतो तो धातूवर धातू आपटल्याने. पट्टी जेथे टेकते त्या कडेवर मऊ पदार्थाचे दोन-तीन ठिपके दिले, तर ती हलत राहते पण वाजत नाही. न्हाणीघराच्या पंख्याला नमद्याचे किंवा फोमच्या चिकटपट्टीचे बारीक तुकडे चालतात. स्वयंपाकघरात मात्र नमदा आणि फोम दोन्ही वर्ज्य समजावेत. ते तेल पितात आणि तेल प्यालेला बोळा आगीला आमंत्रण देतो. तेथे सिलिकॉनचे ठिपके द्यावेत. ते उष्णतेला टिकतात आणि पुसता येतात. ठिपका पूर्ण वाळेपर्यंत पट्टी उचलून धरावी, नाही तर ती चिकटूनच बसते. ट्रूप बाजारात, रानीगंजात किंवा घराजवळच्या कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात ह्या वस्तू मिळतात.

तिसरा उपाय वजनाचा. पट्टीच्या खालच्या कडेला पाच ग्रॅमचे वायसर चिकटवले, तर ते संपूर्ण पट्टीवर पसरलेल्या दहा ग्रॅमइतके काम करते. कारण ते खिळीपासून सर्वांत दूर असते. ह्यापलीकडे मात्र हात आवरावा. घरगुती पंख्याचा रेटा बेताचाच असतो. पट्टी जड झाली की ती अर्धीच उघडते, आणि धूर घरातच फिरत राहतो.

चौथा उपाय लोहचुंबकाचा. चुंबकाची ओढ अगदी जवळ असताना प्रबळ असते आणि जरा अंतर पडले की झपाट्याने ओसरते. शीतकपाटाचे दार ह्याच गुणावर मिटून राहते. चौकटीवर लहानसे चुंबक आणि पट्टीवर पोलादाचा पातळ तुकडा लावला, तर लहानसहान झुळुकीला पट्टी दाद देत नाही. पंख्याचा रेटा आला की एकदम सुटते आणि पुढे मोकळी झुलते. अॅल्युमिनियमला चुंबक ओढत नाही, म्हणून पोलादी तुकडा हवाच. मिटताना टक् होऊ नये म्हणून मध्ये सिलिकॉनचा पातळ थर असावा.

एवढ्यानेही भागले नाही, तर दोष जागेचा आहे. पश्चिमेला उघड्यावर तोंड असलेल्या झडपांना बाहेरून पत्र्याची टोपी बसवावी. तिचे तोंड खाली असावे, म्हणजे वारा आणि पाऊस सरळ आत येत नाहीत. टोपी भिंतीला इतकी चिकटूनही नसावी की पट्ट्या पूर्ण उघडणारच नाहीत. पट्ट्या वाकल्या असतील किंवा खिळींची भोके झिजून लांबट झाली असतील, तर डागडुजीचा हट्ट सोडून नवी चौकट आणणेच शहाणपणाचे.

कोणताही उपाय केला तरी कसोटी एकच. पंखा सर्वांत मंद वेगावर लावावा. सगळ्या पट्ट्या उघडल्या पाहिजेत आणि पंखा बंद करताच सगळ्या आपोआप मिटल्या पाहिजेत. ह्या कसोटीला न उतरलेली शांतता शांतता समजू नये.

फडक्याचा बोळा

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. स्वयंपाकघरातील झडप बोळ्याने बंद केली, तर धूर, वाफ आणि मिरचीचा ठसका घरात कोंडतो, आणि त्याचा त्रास रोज ओट्यापाशी उभी राहणारी व्यक्ती सोसते. परंतु न्हाणीघरात गॅसचा गिझर असेल आणि तेथली झडप वाजते म्हणून चिकटपट्टीने बंद केली असेल, तर प्रश्न त्रासाचा राहत नाही, प्राणांचा होतो.

बंद खोलीत गॅस जळताना प्राणवायू कमी होत जातो. ज्वलन अपुरे झाले की कार्बन मोनॉक्साइड निर्माण होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिन त्याला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट ओढीने धरून ठेवते. डोके दुखते, गरगरते, मळमळते, आणि दार उघडण्याचे भान येण्यापूर्वीच माणूस कोसळतो. आंघोळीला गेलेली व्यक्ती बाहेर आलीच नाही, अशा बातम्या थंडीच्या दिवसांत वर्तमानपत्रांत येतात. त्यांमागे कित्येकदा हेच कारण असते. म्हणून असा गिझर न्हाणीघराबाहेर मोकळ्या जागी बसवावा. ते जमत नसेल, तर वर हवा बाहेर जाण्याची आणि खाली ताजी हवा आत येण्याची अशा दोन्ही वाटा उघड्या हव्यात. नुसता पंखा असून भागत नाही. आत येणारी वाट नसेल तर पंखा ओढणार तरी काय? कोणाला घेरी आल्याचे कळताच दार उघडावे, त्या व्यक्तीला मोकळ्या हवेत न्यावे, गॅस बंद करावा आणि विनाविलंब डॉक्टरांकडे जावे.

स्वयंपाकाचा गॅस गळाला असता मात्र ह्या पंख्यावर विसंबू नये. तो गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो, आणि पंखा असतो छताजवळ. शिवाय बटण दाबताना उडणारी ठिणगीच घात करते. अशा वेळी विजेच्या कोणत्याही बटणाला हात न लावता दारे-खिडक्या उघडाव्यात आणि सिलिंडर बंद करावा.

शेजारधर्म

ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २००९ साली रात्रीच्या आवाजासाठी घराबाहेर ४० डेसिबलची वार्षिक सरासरी सुचविली. पण झडपेचा प्रश्न मोजमापाच्या यंत्राने सुटावयाचा नाही. अखंड आवाजापेक्षा थांबून थांबून येणारा आवाज झोपेला अधिक बोचतो, हे ज्याने तो सोसला त्यालाच समजते. शेजारच्या काकूंनी जिन्यात भेटून संकोचाने सांगितले, की तुमची झडप रात्रभर वाजते हो, तर त्यात तक्रार शोधू नये. आपल्याला ऐकू न येणारी आपल्या घराची एक बाजू त्यांनी आपल्याला दाखविली, असे मानावे आणि त्याच रविवारी स्क्रूड्रायव्हर हाती घ्यावा.

हे काम करण्याचा मुहूर्त पंचांगातच आहे. रोहिणी नक्षत्र संपून साधारण ७-८ जूनला मृग लागतो. आपले तेलुगू शेजारी त्याला मृगशिरा कार्ते म्हणतात. त्या सुमारास मत्स्यप्रसादासाठी नामपल्लीच्या प्रदर्शन मैदानावर दूरदूरहून आलेल्या दमेकऱ्यांच्या रांगा लागतात. त्या प्रसादाच्या गुणावगुणाची चर्चा हा येथला विषय नाही. पण श्वासाचे मोल काय असते, हे त्या रांगांकडे पाहून कळते. पश्चिमेचा वारा शहरावर येण्यापूर्वी घरातील प्रत्येक झडप एकदा उघडून, धुऊन, मऊ बैठक देऊन घ्यावी. मागच्या पावसाळ्यात कोणी कोंबलेला बोळा अजून तेथेच असेल, तर सर्वांत आधी तो काढावा.